उशिरा व कमी दाबाने

डॉक्टर शेखबाईंनी पडदा माझ्याकडे वळवला.
डोकं, आडवं कापलेलं. माझंच म्हणे.
लाल दिसतंय तिथं रक्त नीट पोचतंय, काका,
निळं आहे तिथं जरा कमी.
मी निळ्याकडे बघत बसलो.
म्हटलं, बाई, हा टेल-एंड आहे.

त्या हसल्या. मी हसण्यासाठी बोललो नव्हतो.
चौतीस वर्षं महापालिकेत व्हॉल्व्हमन होतो मी,
पर्वतीच्या टाकीखाली.
चार-चाळीसला दत्तवाडी,
सव्वापाचला कालव्याच्या कडेची चाळ,
सायकलच्या दांडीला बांधलेली टी-चावी,
रस्त्याच्या पोटातलं झाकण उचलायचं
आणि अठरा फेरे डावीकडे.
अर्धा फेरा जास्त झाला
की खालच्या गल्लीत अंगण धुतलं जायचं
आणि वर, डोंगरावरच्या वस्तीत,
नळ नुसते फुसफुसायचे.
आधी हवा. मग गढूळ. मग पाणी.
वरच्या बायकांच्या शिव्या मला तोंडपाठ होत्या.
अजून आहेत.

जात नाहीत त्या. जातं ते कालचं.
दूध आणलं का. गोळी घेतली का, सकाळची, ती पांढरी.
जावयाचा फोन येऊन गेला, तो काय म्हणाला.
शेखबाईंनी पाच शब्द दिले होते धरून ठेवायला:
कात्री, मखमल, पूल, जास्वंद, पिवळा.
मधे शंभरातून सात-सात वजा करायला लावले,
घड्याळ काढायला लावलं, अकरा वाजून दहा मिनिटं.
माझ्या घड्याळात चार-चाळीस वाजले.
हात तिकडेच गेला, मी काय करू?
शब्द परत मागितले तेव्हा
पूल होता. कात्री होती.
बाकी तीन ठिकाणी हवा.

सौम्य आहे, म्हणाल्या.
पुढे जाईलच असं नाही, राहीलच असंही नाही.
रोज चाला, मीठ कमी, बीपी सांभाळा,
बारीक नळ्या आहेत आतल्या, त्या आधी आकसतात.
बाई, बारीक नळ्यांचं मला सांगू नका.
अर्ध्या इंचाच्या जुन्या लोखंडी लाईनी
आतून गंजून पेन्सिलीएवढ्या झालेल्या
मी हातात धरल्यात.
वरून बघणाऱ्याला काही कळत नाही.
वर डांबर. वर रिक्षा.

नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेलो.
खिडकीतल्या पोरानं विचारलं, वारसाचं नाव?
आणि नळ गेला.
ती शेजारीच उभी, पिशवी छातीशी धरून.
एक्केचाळीस वर्षांची बायको माझी.
पोरगा थांबला, मागची रांग खोकली.
तिनं नाव सांगितलं नाही.
नळाखाली हंडा लावून, वर न बघता
बाई उभी राहते ना, आता येईल म्हणून,
तशी उभी राहिली.
मग आलं. गजरा.
गजरा सोपान लडकत, मी जरा मोठ्यानंच म्हणालो.
घरी येईपर्यंत ती काही बोलली नाही,
चहात साखर मात्र दोनदा घातली. तिनं. मी नव्हे.

पेपरात बुधवारी ठरलेली चौकट यायची:
गुरुवारी पाणीपुरवठा बंद राहील,
शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने होईल,
नागरिकांनी सहकार्य करावे.
गजरानं परवा रद्दीतून ती कापली
आणि फ्रिजवर लावली, गोळ्यांच्या तक्त्याशेजारी.
चिडलो नाही मी. थोडा चिडलो.

काल रात्री अडीचला जाग आली.
जास्वंद!
गजरा उठून बसली. काय झालं? कुठली जास्वंद?
कुठली ते सांगता येईना,
कुणाला द्यायची होती तेही.
पण आली होती, लालभडक, देठासकट.
ती म्हणाली, लिहून ठेवा आणि झोपा.
पेन सापडलं. कागद सापडेपर्यंत
खाली रस्त्यावर कुणीतरी झाकण उचललं,
आणि मी अंधारात फेरे मोजत राहिलो.
सोळा. सतरा.
पोरगा नवा असावा. सतरालाच थांबला.